अराज्यवाद्यांचे भांडण आणि संघाचा नियम
(विहारातील उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. युरोपातील अराज्यवादी चळवळ आणि तिच्यातील पक्षभेद यांच्याशी नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो परमपूज्य बाबासाहेबांच्याच एका भाषणातून निघतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या एकत्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. संविधानाचे मार्ग खुले असताना संविधानबाह्य मार्ग धरणे हे अराजकाचे व्याकरण होय, ही पहिली गोष्ट. राजकारणातील विभूतिपूजा राष्ट्राला अधःपाताकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, ही दुसरी. आणि भगवान बुद्धाच्या भिक्खुसंघाला ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे सभेचे सारे नियम ठाऊक होते, ही तिसरी. पहिली गोष्ट आपल्यात पुष्कळांना पाठ आहे. दुसरी आणि तिसरी मात्र आपण लवकर विसरतो.

बाबासाहेबांनी 'अराजक' हा शब्द अंदाधुंदी या अर्थाने वापरला. परंतु युरोपात कामगारांची एक चळवळ होऊन गेली, तिने 'राज्यसत्ता नसलेला समाज' हेच आपले ध्येय मानले. या मताला अराज्यवाद म्हणतात. ही माणसे लुटारू नव्हती. पुष्कळसे घड्याळे करणारे, छपाई करणारे, शेतमजूर असे कष्टकरी लोक होते. मालक, पुरोहित आणि शिपाई या तिघांचे जू त्यांनी मानेवर वाहिले होते. ज्याच्या मानेवर जू बसलेले असते, त्याला प्रत्येक नियमात जुवाचा वास येतो. आपणही गावकीचे, भटजीचे आणि जातपंचायतीचे वर्चस्व झुगारून आलेले लोक आहोत. म्हणून त्यांची शंका आपणांस चटकन कळेल. आणि त्यांची चूकही कळली पाहिजे.

१८६४ साली लंडन येथे कामगारांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. त्यात मार्क्सचा पक्ष म्हणे, कामगारांनी राज्यसत्ता हाती घ्यावी. बाकुनिनचा पक्ष म्हणे, सत्ता हाती घेणारा कामगार उद्या नवा राजा होईल. सप्टेंबर १८७२ मध्ये हेग येथील अधिवेशनात बाकुनिन आणि त्याचा सहकारी गियोम यांना बहुमताने काढून टाकण्यात आले व मध्यवर्ती मंडळ न्यूयॉर्कला हलविण्यात आले. लगेच त्याच महिन्यात विरोधकांनी स्वित्झर्लंडमधील सेंट इमिये येथे आपले वेगळे अधिवेशन भरविले. १८७६ साली मूळ संघ विसर्जित झाला. त्याच वर्षी बाकुनिनही वारला.

येथे एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. मार्क्सच्या मंडळात हुकूमशाहीचे बीज आहे, ही बाकुनिनची टीका पुढे रशियात खरी ठरली. परंतु सर्व सत्तेचा हा शत्रू स्वतः गुप्त मंडळे चालवीत होता, आणि पत्रांतून अदृश्य हुकूमशाहीची भाषा बोलत होता. उघड्या दाराने सत्ता येऊ द्यावयाची नाही असे ठरविले, तर ती मागच्या दाराने आली. उघड्या सत्तेला जाब विचारता येतो, तिला पायउतार करता येते. मागच्या दाराने आलेल्या सत्तेला नावच नसते, मग जाब कोणाला विचारावयाचा?

दुसरा प्रसंग पन्नास वर्षांनंतरचा आहे. युक्रेनमधील गरीब शेतकऱ्याचा मुलगा नेस्तोर माख्नो याने रशियन क्रांतीच्या काळात शेतकऱ्यांची सेना उभारली. ती प्रथम जमीनदारांच्या सैन्याशी आणि नंतर बोल्शेविकांशी लढली. १९२१ साली पराभूत होऊन त्याने देश सोडला. पॅरिसमध्ये परागंदा अवस्थेत असताना माख्नो, आर्शिनोव आणि त्यांचे सोबती यांनी स्वतःस प्रश्न केला, 'आपण का हरलो?' १९२६ साली 'देलो त्रुदा' म्हणजे 'श्रमिकांचे कार्य' या नियतकालिकात त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. आपण विस्कळीत होतो म्हणून हरलो, असे त्या उत्तराचे सार होते. यापुढे तत्त्वाची एकता, कार्यपद्धतीची एकता, सामुदायिक जबाबदारी आणि संघीय रचना या चार पायांवर संघटना उभारावी, असा आराखडा त्यांनी मांडला.

त्यावर वादळ उठले. माख्नोच्याच चळवळीत काम केलेल्या वोलिन याने व त्याच्या मित्रांनी १९२७ साली उत्तर दिले की हा आराखडा म्हणजे बोल्शेविकांसारखा पक्ष आणि त्याच्या डोक्यावर एक हुकूम देणारे केंद्र होय. रोममध्ये मुसोलिनीच्या पोलिसांच्या पहाऱ्यात राहणारा वृद्ध मालातेस्ता यानेही आक्षेप घेतला. कामासाठी अल्पमताने बहुमताशी जुळवून घ्यावे, पण ते स्वखुशीने. लादून घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. माख्नोने विचारले, जबाबदारीच नाही तर संघटना कसली? पुढे लेख आणि पत्रे झडल्यावर असे दिसून आले की मतभेदाचा निदान काही भाग शब्दांचाच होता. परंतु तोवर मने फाटली होती. आर्शिनोव निराश होऊन सोव्हिएत रशियात परतला आणि तेथील दडपशाहीत त्याचा अंत झाला. मालातेस्ता १९३२ साली आणि माख्नो १९३४ साली वारले.

तिसरा प्रसंग स्पेनचा. तेथील अराज्यवादी कामगार संघ १९१० साली स्थापन झाला होता आणि त्याचे सभासद लाखांनी मोजले जात. १९३६ च्या मे महिन्यात सारागोसा येथे त्याचे महाअधिवेशन झाले. जुलैत लष्कराने बंड केले, यादवी सुरू झाली, आणि नोव्हेंबरात राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्या या चळवळीचे चार पुढारी सरकारात मंत्री झाले. त्यांत फेदेरिका मोन्तसेनी ही बाई आरोग्यमंत्री होती. युद्ध चालू होते, शत्रू राजधानीच्या वेशीवर होता. या निर्णयाला कारण नव्हते असे मी म्हणत नाही. परंतु एवढा मोठा तत्त्वबदल नव्या महाअधिवेशनापुढे न येता समित्यांच्या बैठकांत ठरला. मे १९३७ मध्ये बार्सिलोनाच्या रस्त्यांवर सरकारी पोलीस आणि अराज्यवादी कामगार यांच्यात गोळीबार झाला, तेव्हा त्यांचेच मंत्री नभोवाणीवरून शस्त्रे खाली ठेवण्याची विनंती करीत होते. पुष्कळ कामगारांना तो विश्वासघात वाटला. १९३९ साली फ्रँको जिंकला. माजी मंत्री पेइरो याला फ्रँकोच्या राजवटीने १९४२ साली गोळ्या घातल्या. भांडणारे दोन्ही पक्ष एकाच शत्रूच्या हाती सापडले.

आता बाबासाहेबांकडे या. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी कम्युनिस्टांना विचारले आहे की राज्यसत्ता गळून पडेल तेव्हा तिच्या जागी काय येईल? बळाचा आधार काढून घेतल्यावर अराजकच येणार असेल तर एवढा खटाटोप कशाला? बळ काढून घेतल्यावर समाजाला धरून ठेवील असा एकच आधार त्यांना दिसला, तो म्हणजे धम्म.

परंतु धम्म म्हणजे केवळ सद्भावना नव्हे. भगवंतांनी आपल्यामागे कोणी उत्तराधिकारी नेमला नाही. धम्म हाच शास्ता असे सांगितले. विभूतिपूजेला येथे जागा उरली नाही. मात्र नेता नेमला नाही म्हणून नियमही ठेवला नाही, असे झाले नाही. संघाच्या कामाला निदान चार भिक्खू हवेत. ठराव आधी मांडावयाचा आणि महत्त्वाच्या कामात तो तीन वेळा विचारावयाचा. एकमत होत नसेल तर शलाका वाटून मत घ्यावयाचे. शलाका गोळा करणारा भिक्खू छंद, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा. अराज्यवाद्यांना जे हवे होते ते हेच होते: वर राजा नसावा आणि तरीही शिस्त असावी. माख्नोची जबाबदारी आणि मालातेस्ताची स्वखुशी विनयाच्या नियमात एकत्र नांदतात.

नियम असूनही भांडणे होतात, हेही विनयपिटक लपवून ठेवीत नाही. कोसंबीच्या भिक्खूंत एक क्षुल्लक दोष झाला की नाही यावरून दोन तट पडले. भगवंतांनी समजावले, तरी त्यांनी ऐकले नाही. तेव्हा भगवंत त्यांना सोडून निघून गेले. ते भांडण अखेर कशाने मिटू लागले? कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे बंद केले! मग दोन्ही तट सावत्थीला भगवंतांकडे गेले आणि संघ पुन्हा एक झाला.

भगिनींनो आणि बंधूंनो, १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाला काही वर्षांतच तडे गेले, आणि पुढे त्याचे किती गट झाले हे आपणांस सांगावयास नको. आपण बहुधा पुढाऱ्यांना दोष देऊन घरी जातो. कोसंबीचे उपासक घरी गेले नाहीत. आपल्या हातातही काही आहे. विहार समितीची सभा असेल तेव्हा सूचना आधी द्यावी, ठराव सर्वांना ऐकू जाईल असा वाचावा, उपासिकांचे मत उपासकांच्या मताइतकेच मोजावे, विरोधी मत वहीत नोंदवावे आणि हिशेब भिंतीवर लावावा. ज्याचा ठराव पडला त्याने दुसऱ्या दिवशी वंदनेला यावे, आणि ज्याचा ठराव जिंकला त्याने त्याला आपल्या शेजारी बसवावे. जो पुढारी या साध्या नियमांना कंटाळतो, त्याच्या गळ्यात हार घालू नये.

आपण जू फेकून दिले, हे मोठे काम झाले. आता एकमेकांशी राजावाचून कसे वागावे, हे शिकावयाचे आहे. ते शिक्षण आपल्याच विहारातील सतरंजीवर सुरू होते.

जय भीम! नमो बुद्धाय!