सासरचा धंदा आणि सुनेचे काम

(महोत्सवी सभेतील भाषण)



विवाह लावताना आम्ही वधूवरांची संमती विचारतो. पुढे दुकानाची किल्ली कोणापाशी राहील, हे मात्र कोणी विचारीत नाही. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या बायांच्या हातांवर केवढा व्यापार चालतो, हे आपण नित्य पाहतो. पण ज्या घरचा व्यापार, त्या घरच्या सुनेस मालाचा भाव पुष्कळदा ठाऊक नसतो. जावई सासऱ्याच्या पेढीवर बसला तर त्याची अडचण निराळी : नोकर त्याला धनी मानीत नाहीत, आणि धनी त्याला नोकरच समजतो.

याविषयी पुण्याच्या थरमॅक्स कारखान्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. बॉयलर बांधणारा हा कारखाना ए. एस. भथेना यांचा, तो वाढविला त्यांचे जावई रोहिंटन आगा यांनी. भथेनांच्या कन्या अनू आगा मुंबईस सेंट झेवियर्स महाविद्यालयात अर्थशास्त्र व पुढे टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्य शिकल्या. १९८५ साली त्या कारखान्यात आल्या, त्या यंत्रांच्या वाटेने नव्हे. माणसांची निवड, त्यांचे शिक्षण, त्यांची गाऱ्हाणी, हे खाते त्यांनी पत्करिले. आपणांस जे येते त्याची धंद्यात कोठे उणीव आहे, हे पाहणे यालाच आम्ही शहाणपण म्हणतो.

१९९६ साली रोहिंटन एकाएकी निवर्तले आणि अध्यक्षपद अनूबाईंकडे आले. पुढे मंदीत समभागांचा भाव कोसळला. एका भागधारकाने निनावी पत्राने त्यांस दोष दिला. ते पत्र त्यांनी मनावर घेतले. बाहेरचे सल्लागार बोलाविले, संचालक मंडळ नव्याने रचिले. २००४ साली अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांस दिले.

आम्हांस यात १९८५ ते १९९६ या अकरा वर्षांचे मोल मोठे वाटते. दुःखाच्या दिवशी ज्या माणसांपुढे उभे राहावयाचे, ती ओळखीची होती. आमच्याकडे धनी गेल्यावरच विधवा वही प्रथम उघडते, आणि उधारी कोणाकडे किती, हे मुनीम सांगेल तेच खरे!

तेव्हा घरधन्यांनो, येत्या हंगामात सुनेला गल्ल्यावर नुसती बसवू नका. खरेदीची वही तिच्या हाती द्या आणि तिच्या नावे मेहनताना लिहा. सुनांनो, जावयांनो, पहिले वर्षभर सल्ला देऊ नका. तोलकाट्यापाशी उभे राहा, हमालांची नावे पाठ करा.