नापास झालेल्या वर्षाचा खर्च कोणी करायचा?

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाची संहिता. वक्ते पालघर जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात बावीस वर्षे शिष्यवृत्तीचे काम पाहत होते.)



तुमच्यापैकी अनेक जण आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे नेमाने अर्पण देत आला आहात. काहींनी एकेका मुलाची जबाबदारीच घेतली आहे. त्या मुलाचे नाव तुमच्या घरच्या प्रार्थनेत असते, हे मला ठाऊक आहे. आणि निकाल लागले की समितीला तुमचा एक फोन हमखास येतो, ‘आमच्या मुलाला किती टक्के पडले?’

आज मला या प्रश्नाविषयीच बोलायचे आहे. सरकारी शिष्यवृत्ती चालू राहते ती टक्क्यांवर नव्हे. ती कशावर चालू राहते आणि कुठे तुटते, हे माहीत नसेल तर आपली मदत नको त्या वर्षी पोहोचते आणि हवी त्या वर्षी थांबते.

अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी दहावीनंतरची मुख्य योजना म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. आईवडिलांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले पाहिजे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा, कॉलेजने तो तपासून पुढे पाठवायचा, मग तो आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे जातो. आपल्या बाजूला डहाणू आणि जव्हार ही ती कार्यालये. पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात. यातून कॉलेजची फी भागते आणि वर महिन्याचा निर्वाहभत्ता मिळतो. वसतिगृहात राहून बी.ए. करणाऱ्या मुलाला महिना ५७० रुपये, घरून ये-जा करणाऱ्याला ३००. अकरावी-बारावीला ३८० आणि २३०. डॉक्टर, इंजिनिअर होणाऱ्यांना १,२०० आणि ५५०. हे २०१० साली ठरलेले दर आहेत. दहा महिने धरले तर बी.ए.च्या मुलाचे ५,७०० रुपये होतात. त्यात मेसचे किती दिवस निघतात, हे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या भगिनींनीच सांगावे. तरीही फीचा भार उतरतो हे खरे, आणि मोखाड्याच्या पाड्यावरच्या घराला तो भार झेपणारा नसतो.

आता मुद्द्याचे. ही शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे पदवीपर्यंत मिळाली, असे बहुतेक पालकांना वाटते. तसे नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अट अशी की विद्यार्थ्याला वरच्या वर्गात बढती मिळालेली असावी, त्याची हजेरी नियमित असावी आणि वर्तणूक चांगली असावी. टक्क्यांचा त्यात उल्लेख नाही. चाळीस टक्के मिळवून वर गेलेला मुलगा आणि ऐंशी टक्के मिळवून गेलेली मुलगी, नूतनीकरणाच्या अर्जापुढे दोघे सारखेच.

म्हणून मी बढती हा शब्द जपून वापरतो. ‘पास होणे’ आणि ‘वर जाणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एटीकेटी हा शब्द तुमच्या घरातल्या मुलांना माहीत असेल. दोन-तीन विषय राहिले, पण विद्यापीठाच्या नियमाने पुढच्या वर्षात बसता येते, राहिलेले विषय नंतर सोडवायचे. केंद्राच्या सूचनांत या मुलांसाठी स्पष्ट तरतूद आहे. विद्यापीठाच्या नियमाने मूल वरच्या वर्गात गेले असेल, तर खालच्या वर्गाचे विषय राहिलेले असले तरी वरच्या वर्गाची शिष्यवृत्ती त्याला मिळते. बाकीच्या अटी तेवढ्या पूर्ण हव्यात.

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त नुकसान मी इथे पाहिले. मुलाची मार्कशीट हातात येते, त्यावर ‘नापास’ असा शिक्का नसतो, पण दोन विषयांपुढे खूण असते. तो समजतो की शिष्यवृत्ती गेली. कोणाला विचारत नाही. विचारायची लाज वाटते. घरी सांगतो, आणि वडील म्हणतात, मग चल भट्टीवर. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी माणसे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. मुलगाही जातो. मोखाड्याकडचा बी.एस्सी.चा एक वारली मुलगा असाच गेला होता. भौतिकशास्त्र आणि गणित राहिले होते. अर्जाची मुदत संपायला चार दिवस असताना त्याच्या मित्राने त्याला फोन केला, म्हणून तो चिखलाच्या पायांनी ऑफिसात आला. अर्ज भरला, पुढे गेला, पैसे आले. आज तो आश्रमशाळेत शिकवतो. पण ज्यांना फोन करणारा मित्र नव्हता, त्यांचे काय झाले हे मला माहीत आहे. ती मुले मला एस.टी. स्टँडवर भेटतात.

आता जी मुले खरोखरच मागे राहतात, त्यांचे. अभ्यासक्रमांचे चार गट आहेत. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कृषी, पशुवैद्यक असे मोठे अभ्यासक्रम पहिल्या गटात येतात. या गटातला विद्यार्थी पहिल्यांदा नापास झाला तरी शिष्यवृत्ती चालू ठेवता येते. दुसऱ्यांदा झाला तर वरच्या वर्गात जाईपर्यंत खर्च त्याने स्वतः करायचा. नापासाची ही सवलत पहिल्या गटाचे नाव घेऊन दिलेली आहे. बी.एस्सी. नर्सिंग, बी.फार्म. आणि एलएल.बी. दुसऱ्या गटात आहेत. साधी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तिसऱ्या गटात. अकरावी-बारावी, आयटीआय चौथ्या गटात. त्यांना बढती हाच निकष. राज्याचा शासन निर्णय त्या वर्षी नेमके काय म्हणतो, ते प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारावे, पण भरवसा पहिल्या गटासारखा धरू नये.

मला यात थोडे उलटे वाटते. जो मुलगा मेडिकलपर्यंत पोहोचला, त्याच्या पाठीशी निदान एखादा चांगला शिक्षक तरी होता. पाड्यावरून उठून तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला आलेली मुलगी घरात वारली बोलते, शाळेत मराठी शिकली, आणि आता कॉलेजात तिच्यापुढे निम्मी पुस्तके इंग्रजीत येतात. पहिल्या वर्षी ठेच तिलाच लागणार. सवलत मात्र दुसऱ्याला.

आजारपणाचेही सांगतो. आजारपणामुळे किंवा अचानक आलेल्या अडचणीमुळे परीक्षेला बसता आले नाही, तर शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी चालू ठेवता येते. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि परीक्षेला बसला असता तर पास झाला असता असे प्राचार्यांनी लिहून द्यावे लागते. प्राचार्य देतात, मी त्यांना तसे देताना पाहिले आहे. अडते ते डॉक्टरच्या दाखल्यापाशी. पावसाळ्यात मलेरिया होतो, मूल घरी झोपून राहते, आधी भगताकडे जाते, ताप उतरला की परत येते. हातात काहीच नसते. तुमच्यापैकी जे आरोग्य शिबिरांना येतात त्यांना माझी एक विनंती आहे. गोळ्यांबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रातून केसपेपर काढून घ्यायला सांगत जा आणि तो जपून ठेवायलाही सांगा. त्या कागदावर एका वर्षाची फी अवलंबून असते.

हजेरीचे तसेच. मुंबई विद्यापीठात ७५ टक्के हजेरी लागते. जुलैत आवणीला मुले घरी जातात, कारण घरी हात कमी असतात. आठ दिवसांचे वीस दिवस होतात. त्यात त्यांचा दोष काढायला मी तयार नाही, पण नियमाला आवणी कळत नाही. आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. शिष्यवृत्ती घेऊन वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडले, तर सरकार ती रक्कम परत मागू शकते.

आता तुमच्या समितीच्या नियमाकडे येतो. पाहुणा म्हणून आलो आहे, तेव्हा थोडे बिचकतच बोलतो. तुमचा नियम मी वाचला. ५० टक्क्यांच्या खाली गुण आले किंवा विद्यार्थी नापास झाला, तर मंडळीची मदत बंद. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. देणगीदाराचा पैसा वाया जाऊ नये आणि रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाला संधी मिळावी. कष्टाच्या पगारातून दशांश काढणाऱ्या माणसाने एवढे विचारलेच पाहिजे.

पण हिशेब मांडून पाहा. मूल वर जाते आहे, तोवर सरकार त्याची फी भरते आणि तुम्हीही मदत करता. ज्या वर्षी ते अडते, त्या वर्षी सरकार थांबते आणि त्याच महिन्यात तुम्हीही थांबता. दोन्ही आधार एकाच दिवशी निघतात.

जव्हारकडची एक कोकणा मुलगी आठवते. पहिल्या वर्षी बी.कॉम.ला होती. एटीकेटीच्या मर्यादेपेक्षा एक विषय जास्त राहिला, एकच. शिष्यवृत्ती गेली. एका संस्थेची मदत होती, तीही नियमाने गेली. त्या वर्षी तिला नवे काहीच शिकायचे नव्हते, राहिलेले विषय तेवढे द्यायचे होते. परीक्षेची फी, गावात राहायला एक खोली, आणि हिशेबाच्या विषयाला कोणीतरी आठवड्यातून दोनदा शिकवणारे. चालू वर्षाच्या खर्चापेक्षा हे किती तरी कमी होते. ते कोणाच्याच नियमात बसले नाही. मे महिन्यात तिचे लग्न झाले.

‘मग नापासांना बक्षीस द्यायचे का?’ असे एका बंधूंनी मला आत येतानाच विचारले. बक्षीस नको. एक वर्ष द्या, एकदाच, आणि ते मोजून द्या. राहिलेल्या विषयांच्या परीक्षेची फी द्या, कारण एटीकेटीचा फॉर्म वेगळा भरावा लागतो आणि ती फी मुलाच्याच खिशातून जाते. राहण्याजेवण्याची सोय पाहा. शिकवणी लावा. आपल्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक काही कमी नाहीत, इथेच पहिल्या रांगेत चार जण बसले आहेत. दुसऱ्यांदा तेच झाले तर समितीने मुलाला आणि आईवडिलांना बोलावून बसावे. आयटीआयला किंवा दुसऱ्या व्यवसाय अभ्यासक्रमाला जायचे असेल, तर बी.ए.त नापास झालेल्या मुलालाही सरकारी योजनेत तो रस्ता आहे. मात्र एकदा वळला की पहिल्या गटाबाहेर पुढचे नापास माफ होत नाही आणि पुन्हा अभ्यासक्रम बदलता येत नाही. म्हणून ते बोलणे घाईत उरकू नये.

आणि रांगेतल्या दुसऱ्या मुलाचे? तो प्रश्न खरा आहे, आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एवढे म्हणेन की ज्या मुलावर दोन वर्षे खर्च झाला, त्याला तिसऱ्या वर्षी सोडून दिले तर ती दोन वर्षेही गेली. रांगेतल्या मुलाला त्यातून काही मिळत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट उरली. सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही, दोन्हींपैकी एक निवडावी लागते. पुस्तके, साहित्य आणि राहण्याजेवण्याच्या खर्चासाठी इतर कोणाकडूनही मदत घेता येते, त्याला आडकाठी नाही. तुम्ही मात्र नाताळच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून मोठ्या अक्षरांत ‘शिष्यवृत्ती’ लिहिलेला धनादेश देता, फोटो काढता, आणि तो या पत्रिकेत छापून येतो. मदत पुस्तकांची आणि मेसची आहे, तर पावतीवर तसेच लिहा आणि मेसचे पैसे शक्यतो मेसलाच द्या. उगाच एखाद्या कारकुनाला शंका येईल आणि मुलाचा अर्ज अडकेल. कारकुनांना शंका कशा येतात ते मला चांगले माहीत आहे.

निकाल लागल्यापासून आठ दिवसांत समितीतल्या कोणीतरी प्रत्येक मुलाची मार्कशीट स्वतः पाहावी, टक्क्यांसाठी नव्हे, तो वर गेला की नाही ते पाहण्यासाठी. बँकेचे खाते चालू आहे का, आधारशी जोडलेले आहे का, तेही त्याच दिवशी विचारावे. नूतनीकरणाचा अर्ज भरताना मूल एकटे नसावे.

फॉर्म, दाखले, जात पडताळणी यांविषयी कोणाला काही विचारायचे असेल, तर चहाच्या वेळी मी त्या खिडकीपाशी बसतो. जुनी सवय आहे.