एका मोटारीचा अज्ञातवास

माणसांच्या वंशावळी लिहून ठेवण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. परंतु एखाद्या यंत्राचीही कुळकथा शोधावी लागते, आणि ती शोधतांना इतिहाससंशोधकाच्याच चिकाटीनें जुनीं दप्तरें चाळावीं लागतात, ही गोष्ट कित्येकांना नवी वाटेल. इंग्लंडांतील एका जुन्या मोटारीची हकीकत या दृष्टीनें ऐकण्याजोगी आहे. ही मोटार लँड रोव्हर जातीची. म्हणजे चिखल, चढण, नांगरलेलें शेत अशा ठिकाणीं, जेथें रस्ता म्हणून मुळींच नाहीं तेथें, चालावी म्हणून मुद्दाम घडविलेली. 1948 सालीं एका मोठ्या प्रदर्शनांत ती मानानें मांडली गेली. पुढें ती जगाच्या दृष्टीआड झाली. आणि जवळजवळ 70 वर्षांनीं, जेथें ती जन्मली त्या गांवापासून अवघ्या कांहीं मैलांवर, एका घराच्या बागेंत सांपडली.

तिच्या जन्माची कथा दुसर्‍या महायुद्धानंतरच्या टंचाईची आहे. 1945 सालीं युद्ध संपलें, तेव्हां इंग्लंड विजयी झालें होतें. पण त्याची तिजोरी रिकामी होती. पोलादाचा पुरवठा सरकारच्या हातीं होता, आणि जो कारखाना आपला माल परदेशीं विकून धन आणील त्यालाच तें प्राधान्यानें मिळे. बर्मिंगहॅमनजीक सॉलिहल येथें असलेल्या रोव्हर कंपनीपुढें या नियमानें मोठाच पेंच उभा राहिला. कारण तिच्या सुबक आणि महाग मोटारींना परदेशीं फारसें गिर्‍हाईक नव्हतें. कंपनीचे मुख्य इंजिनिअर मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँग्लसी बेटावर शेतजमीन होती. तेथील कामासाठीं ते युद्धांतून उरलेली एक अमेरिकन जीप वापरीत असत. ही जीप निकामी झाल्यावर तिच्या जागीं काय घ्यावें, या विचारांतून एक नवी कल्पना निघाली. 1947 सालीं रेड व्हार्फ बे या किनार्‍यावर, ओल्या वाळूंत रेघा ओढून, मॉरिस यांनीं नव्या गाडीची आकृति आपले बंधु स्पेन्सर यांना दाखविली, असें सांगतात. स्पेन्सर हे कंपनीचे व्यवस्थापक होते. त्यांना ती पटली, आणि काम सुरू झालें.

पोलाद मिळेना, म्हणून गाडीचें अंग अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचें केलें. मोठमोठे सांचे करण्यास पैसा नव्हता, म्हणून पत्रे शक्य तितके सपाट ठेवले. शेतकर्‍याला इंजिनाची शक्ति मळणीयंत्रासारख्या बाहेरच्या यंत्रास देतां यावी, अशी सोय ठेवली. इंजिन सुमारें 1.6 लिटरचें आणि 50 अश्वशक्तीचें. पुढील व मागील चाकांमधील अंतर 80 इंच. पुढें जगभर जें रूप ओळखीचें झालें तें सौंदर्यदृष्टींतून जन्मलेलें नसून अडचणींतून जन्मलेलें आहे.

विक्रीसाठीं मोठ्या संख्येनें गाड्या बनविण्यापूर्वीं परीक्षेसाठीं म्हणून 48 गाड्या हातानें तयार करण्यांत आल्या. त्यांच्या तीन खुणा ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. अंगाचे पत्रे पुढील गाड्यांहून जाड होते. मागचा हौदा सबंध काढतां येई. आणि जिला चासी म्हणतात त्या खालच्या पोलादी चौकटीवर जस्ताचा लेप दिलेला होता. हा लेप म्हणजे पोलादाचें चिलखतच होय. कारण हवा आणि पाणी यांचा मारा आधीं जस्त सोसतें, आणि तें झिजेपर्यंत आंतील पोलाद सुरक्षित राहतें. या 48 पैकीं आपली ही गाडी एक होती. ता. 30 एप्रिल 1948 रोजीं हॉलंडांतील अॅम्स्टरडॅम येथील मोटार-प्रदर्शनांत लँड रोव्हर प्रथम जगापुढें आली, तेव्हां तेथें नेलेल्या मोजक्या गाड्यांत तिचा समावेश होता.

दोन-तीन वर्षें कारखाना तगून राहावा एवढ्याच हेतूनें काढलेली ही गाडी. पण तिला जी मागणी आली तिच्यापुढें कंपनीच्या मूळच्या मोटारी मागें पडल्या. त्या मूळ घराण्याची निर्मिति सॉलिहल येथें चालू राहिली, ती थेट जानेवारी 2016 पर्यंत. आणि तोंवर 20 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. वंशाचा विस्तार असा झाला. पण मूळपुरुषांपैकीं एक मात्र विस्मृतींत गेला. अॅम्स्टरडॅमची ही गाडी 1960 नंतरच्या दशकांत रस्त्यावरून शेवटची धांवली. त्यानंतर वीस वर्षें ती वेल्समधील एका शेतांत उघड्यावर पडून होती. ज्या वेल्सच्या वाळूंत तिच्या जातीची पहिली रेघ ओढली गेली, त्याच मुलुखाच्या पावसांत ती भिजत राहिली. नंतर दुरुस्त करण्याच्या हेतूनें तिला कोणी विकत घेतलें. पण तें काम अर्धवट राहिलें, आणि गाडी सॉलिहलजवळील एका बागेंत येऊन विसांवली.

गाडी अशी एका जागीं पडून असतां तिच्या जन्मदात्या कारखान्याचे मात्र धनी बदलत होते. 1967 सालीं रोव्हर कंपनी लेलँडच्या ताब्यांत गेली. 1975 सालीं तो सर्व व्यवसाय सरकारी मालकीचा झाला. 1988 मध्यें तो ब्रिटिश एअरोस्पेसनें, 1994 मध्यें जर्मनीच्या बीएमडब्ल्यूनें, आणि 2000 सालीं त्यांतील लँड रोव्हर अमेरिकेच्या फोर्डनें घेतला. शेवटीं 2008 सालीं मुंबईच्या टाटा मोटर्सनें जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही शाखा विकत घेतल्या. ज्या देशांत एके काळीं इंग्लंडची यंत्रें विकावयास येत, त्याच देशाच्या उद्योगपतींच्या हातीं ती मिळकत आली. हरवलेल्या गाडीची ओळख पटली ती या नव्या धन्याच्या काळांत.

ही ओळख पटविणें सोपें नव्हतें. बागेंत पडलेली जुनी गाडी पाहून, हीच ती प्रदर्शनांतील, असें म्हणण्यास प्रमाण लागतें. कंपनीच्या तज्ज्ञांनीं कित्येक महिने जुनीं दप्तरें तपासलीं, गाडी कोणाकोणाच्या मालकींतून गेली त्याची सांखळी जुळविली, आणि मगच तिच्या पूर्वपीठिकेवर शिक्कामोर्तब केलें. जानेवारी 2018 मध्यें, म्हणजे लँड रोव्हरच्या 70 व्या वर्षीं, तिचा जीर्णोद्धार कॉव्हेंट्री येथील कार्यशाळेंत करण्याचें कंपनीनें जाहीर केलें.

येथें खरा प्रश्न उपस्थित होतो. जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे काय करावयाचें? अॅल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाहीं. पण तें जेथें पोलादाला टेकलेलें असतें तेथें ओल साचली कीं दोहोंच्या संयोगानें तें कुरतडलें जातें, आणि कालांतरानें त्याचा भुगा होतो. म्हणजे गाडी आहे तशीच ठेवावी, तर ती नाश पावणार. उलट सगळे पत्रे बदलून, नवें इंजिन घालून, वर चकचकीत रंग दिला, तर एक देखणी वस्तु उभी राहील. पण ती अॅम्स्टरडॅमला गेलेली गाडी राहणार नाहीं. नांव जुनें आणि शरीर नवें, असा तो प्रकार होईल. महिनेन् महिने दप्तरें चाळून जें सत्य हातीं लागलें, तें कारागिराच्या उत्साहानें पुसून जाण्याचें भय असतें.

या कामासाठीं जो मार्ग ठरला तो मधला होता. गाडी पुन्हां चालली पाहिजे. पण तिच्या जुन्या भागांवर काळानें जी झांक आणली आहे ती राखावयाची, आणि 1948 सालीं दिलेला मूळचा फिकट हिरवा रंगही तसाच जपावयाचा. जाड पत्रे, जस्ताचा लेप असलेली चौकट, निघणारा हौदा, हे सर्व भाग त्या 48 गाड्यांचेच विशेष असल्यामुळें त्यांच्यावर करावयाचे उपचारही स्वतंत्रच ठरवावे लागतात. यांत सराव कारागिराचा लागतो आणि संयम संशोधकाचा. काय बदलावें हें ज्ञान पुष्कळांना असतें. कशाला हात लावूं नये हें कळणें त्याहून कठीण.

आपल्या देशांतही जुनीं देवळें, जुने वाडे, जुनीं हस्तलिखितें यांच्या जीर्णोद्धाराचीं कामें चालतात. कोठें पाषाणाच्या कोरीव कामावर तैलरंग चढतो, तर कोठें लांकडी खांबाच्या जागीं सिमेंटचा खांब येतो. आणि हें सारें भक्तिभावानेंच होतें. अशा वेळीं या हिरव्या मोटारीचें उदाहरण आठवावें. आधीं पुरावा, मग उपचार, आणि उपचारही जरुरीपुरताच, हा क्रम तेथें पाळावयाचा ठरला. वीस वर्षांच्या पावसांतून जो रंग टिकला, त्याला माणसानें खरवडून काढूं नये, एवढा विवेक एका मोटारीच्या बाबतींत दाखविला जातो. तो आपल्या पूर्वजांच्या कृतींच्या बाबतींत दाखविणें कांहीं अशक्य नाहीं.