उकलता येणारा सांधा



वसंत व्याख्यानमालेत येऊन कोणी चिकटवण्याच्या पदार्थांवर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. मी काही पंडित नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिकलो ते कामगारांच्या सभांत आणि त्यांच्या कामाच्या जागी. लग्नाच्या बँडात वाजवणाऱ्यांची संघटना बांधताना क्लॅरिनेट या काळ्या लाकडी वाद्याशी माझी गाठ पडली.

आमचा एक क्लॅरिनेटवाला ऐन वैशाखात माझ्याकडे आला. एका चावीखालची गादी, म्हणजे पॅड, निघाले होते. त्याने घाईघाईने दोन नळ्यांचे एपॉक्सी कालवून ते चिकटवले. पॅड बसले खरे, पण तिरके. छिद्र केसभर जरी उघडे राहिले तरी हवा निसटते आणि त्याखालचे सगळे सूर डळमळतात. पॅड काढताना चावीची वाटी वाकली. वाद्य त्याचे स्वतःचे. वाद्य नाही म्हणून काम नाही. सहा तिथींची मजुरी बुडाली.

त्याची चूक कोणती? वस्तू पक्की चिकटली म्हणजे दुरुस्ती झाली, असे त्याला वाटले. पण पॅड ही झिजणारी वस्तू आहे. ते आज ना उद्या बदलावेच लागते. म्हणून सांधण्यापूर्वी विचारावे : हा सांधा पुन्हा उकलावा लागेल काय?

पॅडसाठी जुने कारागीर चपडा लाख वापरतात. चपड्याचा तुकडा वाटीत ठेवून वाटी मागून हलक्या आचेवर तापवायची, लाख पातळ झाली की पॅड बसवायचे, आणि लाख मऊ आहे तोवर ते छिद्रावर सपाट जुळवून घ्यायचे. मग सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी पॅडखाली धरून चहूबाजूंनी ओढून पाहायची. सगळीकडे सारखी अडली तर पॅड बरोबर. चुकले तर पुन्हा तापवा. आच जास्त झाली तर पॅड करपते, आणि वाद्य प्लॅस्टिकचे असेल तर ज्योत जपूनच धरावी.

ही लाख परकी नव्हे. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवरचा एक बारीक कीटक ती तयार करतो, आणि झारखंड-छत्तीसगडच्या रानांतले लोक ती गोळा करतात. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली तिच्या संशोधनाची संस्था निघाली. आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्याही लाखेच्याच.

दुसरा सांधा बुचाचा. क्लॅरिनेटचे पाच भाग एकमेकांत बसतात, आणि चार ठिकाणी बुचाची पट्टी लागते. तेथे चपला सांधायच्या सोल्यूशनच्या जातीचा पदार्थ चालतो. तो दोन्ही पृष्ठांना लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यावा, मगच दाबावे. घाई केली तर पट्टी सरकते. झिजलेले बूच मात्र खरवडून काढता येते.

तिसरी गोष्ट लाकडाची भेग. चांगली क्लॅरिनेट आफ्रिकेतल्या ग्रेनाडिलाची, आपल्या शिसवीच्या कुळातली. आतून फुंकेची ऊब आणि ओल, बाहेरून कोरडी हवा, लाकूड तडकते. ही भेग पुन्हा उघडायची नसते. येथे पक्का पदार्थच योग्य. १९४२ साली सापडलेले आणि १९५८ पासून विक्रीस आलेले पातळ सायनोॲक्रिलेट बारीक भेगेत स्वतःच झिरपते. फक्त ते चाव्यांच्या दांड्यांत जाऊ देऊ नये. भेग छिद्रापर्यंत गेली असेल तर वाद्य जाणत्याच्याच हाती द्यावे.

म्हणजे सर्वांत पक्का तो सर्वांत चांगला, हा समज खोटा. मजूर-मालकांच्या करारांतही मी हेच पाहिले : ज्याचा फेरविचार करता येतो तोच करार टिकतो.

शेवटी एक मागणी. वाद्य वादकाचे, पण त्यावर कमाई होते बँडची. तेव्हा हंगामापूर्वी वाद्य तपासून घेण्याचा खर्च बँडमालकाने उचलावा, हे न्यायाचे आहे. आपल्या दारी लग्न असेल तेव्हा सुपारी देताना एवढे अवश्य विचारा. आपण विचारलेत तर मालक ऐकतील, आणि त्या वादकाच्या घरची चूल वैशाखातही पेटेल.