कार्बनची फुगडी

मी आयटीतला माणूस, माझं रसायनशास्त्र बारावीलाच सुटलं होतं. मुलीच्या कॉलेजच्या पुस्तकामुळे ते पुन्हा हाती आलं. तुमच्याही घरात कुणी ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकत असेल, तर 'डील्स-आल्डर' हे नाव कानावर आलं असेल, बहुधा वैतागलेल्या आवाजात.

ओटो डील्स आणि त्यांचे विद्यार्थी कुर्ट आल्डर यांनी १९२८ साली जर्मनीतल्या कील इथे ही अभिक्रिया उलगडली. एका रेणूत ओळीने चार कार्बन आणि दोन दुहेरी बंध. दुसऱ्यात दोन कार्बन, एक दुहेरी बंध. दोघांनी फुगडीसारखे दोन्ही हात एकदम धरले, की सहा कार्बनचं कडं तयार! काहीही वाया जात नाही, आत गेलेला प्रत्येक अणू नव्या रेणूत असतो. अट एकच: चार कार्बनची साखळी इंग्रजी 'सी'सारखी वळलेली हवी. हात दोन दिशांना पसरले तर फुगडी कशी जमणार? शिवाय दोन्ही हात एकाच बाजूने धरले जातात, म्हणून कड्यावरचे गट कुठल्या दिशेला राहणार हेही ठरून जातं.

या जोडीने शोधनिबंधात लिहून ठेवलं होतं, की नैसर्गिक पदार्थ बनवायला ही पद्धत आम्हीच वापरणार. जगाने अर्थातच ऐकलं नाही. १९५० चं नोबेल मात्र त्यांनाच मिळालं.

"पण याचा उपयोग काय?" असं मुलं विचारतात. माझं उत्तर आहे सर्पगंधा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो हा आपला अनुभव १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. (गावाहून कुणी ही पूड आणून दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर मुळीच नाही.)

रेसर्पिनमध्ये सहा कार्बन असे आहेत, की त्यांच्यावरचे गट दोनपैकी कुठल्याही दिशेला असू शकतात. आम्हा संगणकवाल्यांच्या भाषेत सहा बिट, म्हणजे ६४ रूपं. औषध त्यातलं एकच. त्या सहांपैकी पाच कार्बन एकाच कड्यात दाटीने बसलेले. रॉबर्ट वुडवर्ड यांनी हार्वर्डमध्ये हा रेणू बनवायला घेतला, तेव्हा सुरुवातच डील्स-आल्डरने केली. दोन साधे, सपाट रेणू एकत्र आले आणि तेच कडं उभं राहिलं. पाचांपैकी तिघांची एकमेकांसापेक्ष मांडणी त्या एका पायरीत पक्की झाली. १९५६ मध्ये पूर्ण रेणू बनवल्याचं प्रसिद्ध झालं. एकेक बिट वेगळा बसवत गेले असते तर किती पायऱ्या लागल्या असत्या, विचार करा.

आज रात्री मुलांबरोबर कागदावर काढून बघा. चार कार्बन, समोर दोन, आणि इलेक्ट्रॉनचे तीन वाकडे बाण. कडं पूर्ण झालं की दुहेरी बंध एकच उरतो, तोही चारांच्या साखळीत मधल्या दोन कार्बनवर सरकलेला. तेवढं नीट तपासा, मार्क तिथेच जातात.