ओढणारी चाकं, ढकलणारी चाकं

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील एक भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समितीने मला विषय दिला तो असा: रोजच्या वापराला फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडी बरी की रिअर व्हील ड्राइव्ह? नवीन गाडी घ्यायची ठरली की लिफ्टमध्ये हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो. शहरात ऑफिस, शाळा, भाजी, दवाखाना एवढंच असेल तर पुढच्या चाकांची गाडी घ्या आणि निवांत झोपा. पण विषय तिथे संपत नाही. आपली गाडी कुठल्या चाकांवर चालते हे ठाऊक असलं की टायर कुठे लावायचे, उतारावर गाडी कशी उभी करायची, पावसात पाय कधी उचलायचा, हे सगळं ठरतं. आणि हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नाही, असं मला गेल्या काही वर्षांत दिसलंय.

साधी गोष्ट आहे. बैलगाडीत ताकद पुढे असते, गाडी ओढली जाते. हातगाडीवाला मागून ढकलतो. फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणजे बैलगाडी, रिअर व्हील ड्राइव्ह म्हणजे हातगाडी. इंजिन दोन्हीत बहुधा पुढेच असतं. फरक इतकाच, की इंजिनाची ताकद तिथल्या तिथे पुढच्या चाकांना द्यायची, की एका लांब दांड्याने गाडीच्या पोटाखालून मागे न्यायची.

आपल्यापैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांनी गाडी शिकली ती ॲम्बॅसेडरवर, पद्मिनीवर किंवा जीपवर. या सगळ्या मागच्या चाकांच्या. ॲम्बॅसेडर मूळची इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी मूळची इटलीची फियाट ११००, आपल्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायाखाली जो उंचवटा यायचा, तो त्या लांब दांड्यासाठी. लहानपणी भावंडांत मधे कोण बसणार यावरून जी मारामारी व्हायची तिचं मूळ त्या प्रोपेलर शाफ्टमध्ये होतं!

मग डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं छोटं इंजिन, तेही आडवं बसवलेलं, आणि ताकद पुढच्या चाकांना. ही कल्पना जपान्यांची नव्हे. १९५९ साली इंग्लंडमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी गाडी काढली तेव्हा इंजिन आडवं करून टाकलं. त्यामुळे जेमतेम दहा फुटांच्या गाडीत चार माणसं बसायला लागली. त्यांनी गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच तेलात ठेवला होता. पुढे फियाटच्या दान्ते जाकोसा यांनी तो इंजिनाच्या शेजारी आणला. १९६९ ची फियाट १२८ तशी होती. आज आपल्या पार्किंगमधल्या बहुतेक गाड्यांत हीच मांडणी आहे. गंमत बघा, आपली पद्मिनी ज्या फियाट ११०० वरून आली, तीही जाकोसांच्याच हाताखालची. म्हणजे एकाच माणसाने आपल्याला हातगाडीही दिली आणि बैलगाडीही.

पुढच्या चाकांची गाडी का जिंकली? जागा वाचली, लांब दांडा गेला, मागचं जड डिफरन्शियल गेलं, वजन कमी झालं. इंजिन आडवं असलं की ताकदीला काटकोनात वळवावं लागत नाही, त्यामुळे थोडी शक्तीही वाचते. बनवायला स्वस्त. घरच्या गाडीला याहून काय हवं?

मग सुमो, बोलेरो, ऑम्नी, ईको, इनोव्हा क्रिस्टा या मागच्या चाकांच्या का? कारण ओझं. ट्रक आणि एसटी पाहा, माल आणि माणसं जितकी भरू तितकं वजन मागच्या चाकांवर येतं, आणि ज्या चाकावर वजन त्याचीच पकड. मर्सिडीज, बीएमडब्ल्यूचं कारण वेगळं. तिथे इंजिनाची ताकद एवढी असते की वळवणं आणि ओढणं ही दोन्ही कामं पुढच्याच चाकांवर टाकली तर त्यांना झेपत नाही. आपल्या ८०-९० हॉर्सपॉवरच्या गाडीला हा प्रश्नच येत नाही. तेव्हा "मोठ्या गाड्या रिअर व्हील असतात, म्हणजे तेच चांगलं" हा युक्तिवाद मला पटत नाही. इनोव्हाचीच नवी हायक्रॉस २०२२ मध्ये पुढच्या चाकांची आली.

आता आपल्या बेसमेंटच्या रॅम्पकडे येऊ. दर पावसाळ्यात तिथे एखादी गाडी अडते, चाक जागच्या जागी फिरतं, रबराचा वास सुटतो आणि वर उभं राहून सगळे म्हणतात, "फ्रंट व्हील आहे ना, चढावर वजन मागे जातं." वजन मागे जातं हे खरं. पण किती? आठ फूट पुढे गेल्यावर एक फूट वर, असा चढ धरा. बाराशे किलोच्या रिकाम्या गाडीत पुढच्या चाकांवर साधारण ६० टक्के वजन असतं. चढावर ते ५७ होतं. बस्, तीन टक्के! आता त्याच गाडीत पुढे दोघं, मागे तिघं बसवा आणि डिकीत साठ किलो सामान टाका. सपाट रस्त्यावरच ते ५२ च्या आसपास येतं. म्हणजे गाडीला चढ जेवढा नडत नाही तेवढा आपण आणि आपल्या बॅगा नडतो. सीएनजीची गाडी असेल तर टाकीचं वजन कायमचंच मागे.

म्हणून चढताना चाक फिरायला लागलं तर आधी मागच्या सीटवरच्या मंडळींना उतरवा. ॲक्सिलरेटर दाबून धरू नका, फिरणाऱ्या चाकाची पकड आणखी सुटते. तरीही चढत नसेल आणि मागे माणूस उभा करायची सोय असेल, तर पुढच्या चाकांची गाडी रिव्हर्समध्ये चढवून पाहा. उलटी चढताना इंजिन उताराच्या बाजूला येतं आणि ओढणाऱ्या चाकांवर वजन वाढतं. जुने ड्रायव्हर हे करायचे. आणि खरं सांगायचं तर आपल्या रॅम्पवर दोष गाडीच्या जातीचा नाहीच. दोष शेवाळाचा आहे. मे महिन्यात ब्लीचिंग पावडर टाकून तो घासून घेतला तर दोन्ही जातीच्या गाड्या चढतील. समितीने हे टिपून घ्यावं.

त्याच रॅम्पवरची दुसरी गोष्ट, ही जास्त महत्त्वाची, कारण खाली मुलं खेळतात. हँडब्रेक आपल्याकडच्या गाड्यांत मागच्या चाकांना लागतो. पुढच्या चाकांची गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला, की गिअरने पुढची चाकं धरली आणि हँडब्रेकने मागची. चारही बांधली गेली. पण ऑम्नी, ईको, सुमो, बोलेरो यांत गिअरही मागचीच चाकं धरतो आणि हँडब्रेकही मागचीच. पुढची दोन चाकं मोकळी! ओल्या उतारावर मागची पकड सुटली तर थांबवायला काही नाही. त्यामुळे अशा गाडीच्या चाकाला उताराच्या बाजूने दगड लावाच. गुजराण करणारा टेम्पोवाला हे न चुकता करतो, आपण त्याला हसतो.

आता पाऊस आणि घाट. ताम्हिणी, वरंध, माळशेज, दरवर्षी पहिल्या पावसात आपण सगळे निघतो. ओल्या वळणावर वेग जास्त झाला तर पुढच्या चाकांची गाडी काय करते? स्टिअरिंग वळवलंय, पण गाडी वळणाच्या बाहेर सरळ जायला बघते. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी आणखी वळवू नका. पाय हळूच उचला. वेग उतरला की पकड परत येते. मागच्या चाकांच्या गाडीत वळणातून बाहेर पडताना पाय जोरात दाबला तर शेपूट सुटतं, विशेषतः गाडी रिकामी असेल तर. रिकामी ऑम्नी किंवा रिकामं पिकअप पावसात अवखळ होतं ते यामुळेच. शेपूट ज्या बाजूला गेलं त्याच बाजूला स्टिअरिंग, पाय वर, आणि ब्रेकवर उडी मारायची नाही. हे सांगायला सोपं, करायला अवघड. म्हणून नवशिक्याच्या हातात मी पुढच्या चाकांची गाडी देईन. तिची चूक पोटात घालून घेण्याची वृत्ती जास्त.

एक गैरसमज मात्र जायला हवा. ब्रेक चारही चाकांना लागतात. "माझी फ्रंट व्हील आहे, लवकर थांबते" असं काही नसतं. थांबवतो तो टायर.

आणि टायरपाशीच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. पुढच्या चाकांच्या गाडीत पुढचे टायर तीन कामं करतात: ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकचा मोठा भार घ्यायचा. साहजिकच ते आधी झिजतात. मग आपण दोन नवे टायर घेतो. दुकानदार विचारतो, "पुढे लावू ना?" आणि आपण मान डोलावतो. ओढणारी चाकं पुढे, म्हणजे चांगले टायर पुढे, असा आपला हिशोब. तो हिशोब चुकीचा आहे. नवे टायर मागे लावायचे, गाडी कुठल्याही जातीची असो. टायर कंपन्याही हेच सांगतात.

का? टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात. खाच झिजली की एक्सप्रेसवेवर साचलेल्या पाण्यावर टायर तरंगतो. पुढचा टायर तरंगला तर स्टिअरिंग हलकं होतं, तुम्हाला कळतं, पाय उचलता, गाडी सावरते. मागचा तरंगला तर आधी काहीच कळत नाही. पुढची चाकं रस्त्याला घट्ट धरून आहेत, मागचा भाग निसटतो आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. त्यात घाबरून पाय एकदम उचलला की वजन पुढे जातं, मागची उरलीसुरली पकडही जाते. तुमच्या-माझ्यासारख्या ड्रायव्हरला तेव्हा करण्यासारखं काही उरत नाही. म्हणजे पुढे कोरे टायर आणि मागे गोटा टायर, ही पावसातली सगळ्यात धोक्याची जोडी. दुर्दैवाने आपल्या पार्किंगमध्ये मला तीच जास्त दिसते. जुन्यांतले बरे दोन टायर पुढे आणा, नवे मागे टाका. आठ-दहा हजार किलोमीटरला टायर पुढे-मागे बदलत राहिलात तर चारही बरोबरच झिजतील आणि हा प्रश्न उभाच राहणार नाही. खर्च एकदम येतो हे मान्य. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. रबर त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला, मग मेकॅनिक काहीही म्हणो.

गॅरेजचं थोडक्यात सांगतो. पुढच्या चाकांची गाडी पूर्ण वळवून हळू चालवताना कट-कट-कट असा आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट गेला समजा. तो जातो त्याच्यावरचं रबरी बूट फाटून ग्रीस उडालं की. बूट स्वस्त, जॉइंट महाग. सर्व्हिसिंगच्या वेळी बूट बघायला सांगा. मागच्या चाकांच्या गाडीत गिअर टाकताना पोटाखाली "टक्" वाजलं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहायला सांगा.

मग घ्यायची कुठली? चौघांचं घर, शहर, वर्षातून दोनदा कोकण: पुढच्या चाकांची, विचारसुद्धा करू नका. गावी शेत आहे, सात-आठ माणसं आणि धान्याची पोती घेऊन कच्च्या चढाची वाट आहे: बोलेरोसारखी मागच्या चाकांची अजूनही खरी. सेकंडहँड सुमो किंवा ऑम्नी मुलाला शिकायला म्हणून घेणार असाल तर पहिला पावसाळा त्याच्याशेजारी स्वतः बसा.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हा सगळा हिशोब पुन्हा उघडलाय. मोटार लहान, लांब दांडा नको, तेव्हा ती पुढे ठेवा नाहीतर मागे. नेक्सॉन ईव्ही पुढच्या चाकांवर चालते, छोटीशी कॉमेट मागच्या. बॅटरी खाली पसरलेली असल्याने वजन दोन्हीकडे बऱ्यापैकी वाटलेलं असतं. पण इलेक्ट्रिकची ताकद पाय ठेवताक्षणी येते, त्यामुळे ओल्या रस्त्यावर पाय आणखी हलका हवा.

प्रश्न असतील तर विचारा. आणि आपल्या टायरमधले ते १.६ मिलिमीटरचे उंचवटे कुठे असतात हे ज्यांना बघायचंय त्यांनी नंतर माझ्याबरोबर खाली पार्किंगमध्ये या. टॉर्च आणलाय.