'लेडी नेल्सन': उथळ पाण्यात शिरणारं जहाज

आज गोष्ट एका चिमुकल्या जहाजाची. नाव 'लेडी नेल्सन'. लांबी साडेबावन्न फूट, म्हणजे साधारण दीड एसटी बस! लंडनजवळ डेप्टफर्डला १७९८ साली ते बांधलं गेलं. एवढंसं जहाज ऑस्ट्रेलियाला निघालंय म्हटल्यावर लोक त्याला 'राजेसाहेबांची काडेपेटी' म्हणून चिडवायचे.

पण खरी गंमत त्याच्या तळात होती. जहाजाच्या तळाला कील असते, म्हणजे उभा कणा. ती असली की वारा जहाजाला आडवं ढकलू शकत नाही. पण खोल कीलचं जहाज किनाऱ्याजवळ गाळात रुततं. जॉन शँक या नौदल अधिकाऱ्याने उपाय काढला: वर-खाली सरकणाऱ्या तीन कील. भर समुद्रात त्या खाली सोडायच्या, उथळ पाण्यात वर ओढायच्या. मग सहा फूट पाणी पुरे! मोठी जहाजं जिथे लांब नांगर टाकून थांबायची, तिथे ही काडेपेटी आत शिरायची.

मार्च १८०० मध्ये लेफ्टनंट जेम्स ग्रँट तिला घेऊन पोर्ट्समथहून निघाला आणि १६ डिसेंबरला सिडनीला पोहोचला. वाटेत बास सामुद्रधुनी पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करणारं हे पहिलं जहाज ठरलं.

इथवर ऐकायला भारी वाटतं ना? आता पुढचं ऐका.

फेब्रुवारी १८०२. कप्तान आता जॉन मरे. अरुंद, खवळत्या तोंडातून जहाज पोर्ट फिलिप उपसागरात शिरलं. तिथे बूनवुरुंग लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. आधी भेटीगाठी झाल्या, वस्तूंची देवाणघेवाण झाली. पण तीनच दिवसांत भाले आणि बंदुका चालल्या. ८ मार्चला मरेने झेंडा फडकवला आणि हा मुलूख इंग्लंडच्या राजाचा म्हणून जाहीर केला. बूनवुरुंगांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून मला 'शोध' हा शब्द इथे खटकतो. या जहाजाने पाण्याची खोली मोजली, नकाशे केले आणि त्यामागून वसाहती आल्या. १८०३ मध्ये टास्मानियातल्या पहिल्या ब्रिटिश वसाहतीची माणसं नेण्यातही तेच होतं. पोर्ट फिलिपच्या काठी १८३५ मध्ये मेलबर्न उभं राहू लागलं. हो, आपण बॉक्सिंग डे टेस्ट बघतो तेच!

तोवर 'लेडी नेल्सन' उरलं नव्हतं. १८२५ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियातल्या एका ठाण्यासाठी रसद आणायला ते तिमोरकडे गेलं आणि परतलंच नाही. चाच्यांनी ते लुटलं, खलाशी मारले गेले.

पुढच्या वेळी मेलबर्नची मॅच लागली की मॅपवर तो उपसागर झूम करून बघा. त्याचं तोंड किती चिंचोळं आहे ते दिसेल. भेटू पुढच्या भागात!